करून दाखवणारे सर

सर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले तेव्हा ते जमिनीवर होते. डोंबिवली पूर्वेच्या त्या शाळेत मी नुकतीच सायन्स शिकवायला लागलेले. पहिल्या मजल्याच्या कॉरिडॉरमधून लॅबकडे निघाले, तर समोरून पन्नाशी उलटलेला एक उंच, हडकुळा माणूस हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत येत होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि मागे रांगणारा पाचवीचा अख्खा वर्ग. मी भिंतीला चिकटून वाट दिली. माझ्या चपलांपाशी आल्यावर त्यांनी मान वर केली.

"मॅडम, हे क्रॉल. क्रीप वेगळं. क्रीप करताना आवाज येत नाही. तुम्हाला आमचा आवाज आला ना?"

"आला," मी म्हटलं.

"मग क्रॉलच," असं त्यांनी मागच्या मुलांना सांगितलं आणि वरात पुढे सरकली.

दुपारी स्टाफरूममध्ये कोणी तरी ओळख करून दिली. हे आपले इंग्लिशचे सर. पँटच्या गुडघ्यांवर धुळीचे दोन गोल होते, ते त्यांनी झटकले नव्हते. मी काय शिकवते हे विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "तुमच्या लॅबमध्ये डिझॉल्व्ह होत असेल, मेल्ट होत असेल. कधी तरी मुलांना घेऊन येतो. मेल्ट मला अंगाने जमत नाही."

खरं तर मेल्टही त्यांनी करून पाहिलेलं असणार. इंग्रजी क्रियापदाबाबत त्यांचा एकच हट्ट होता. जे क्रियापद अंगातून गेलं नाही ते आलंच नाही. आमची शाळा नावाला इंग्रजी माध्यमाची. मुलांच्या घरी मराठी, हिंदी, क्वचित गुजराती. आईबापांनी पोटाला चिमटा काढून घातलेली मुलं व्याख्या पाठ करून यायची. "अ वर्ड दॅट शोज ॲन ॲक्शन इज कॉल्ड ॲन ॲक्शन व्हर्ब." सर तिथेच अडवायचे. "शोज म्हणतोस ना? मग शो कर. दाखव." मुलगा गोंधळून उभा राहायचा. "उभा राहिलास. स्टँड. हे झालं एक. आता पुढे?" मग तो मुलगा डोकं खाजवायचा आणि सर आनंदाने टाळी वाजवायचे. "स्क्रॅच! दोन!"

त्यांच्या वर्गात चालणं नुसतं चालणं नसायचं. लंगडणं, झोकांड्या खाणं, पाय ओढत जाणं, ऐटीत जाणं, चोरपावलांनी जाणं, प्रत्येकाला इंग्रजीत वेगळा शब्द, आणि तो प्रत्येक शब्द त्यांनी फळ्यापासून दारापर्यंत चालून दाखवलेला. स्टॅगर दाखवताना ते इतके खरे झोकांडायचे, की एकदा नव्या शिपायाने धावत येऊन त्यांना दंडाला धरलं होतं.

या नादाचा त्रास वर्गाबाहेरच्यांना जास्त व्हायचा. गणिताच्या मॅडमच्या हातून एकदा सरांचा चहाचा कप खाली पडला.

"सॉरी हं सर, तुमचा कप फुटला."

"कसा फुटला? आपला आपण?"

"अहो, पडला हातातून."

"पडला की पाडलात?"

"माझ्याकडून पडला!" मॅडम वैतागल्या.

"हे 'माझ्याकडून' फार हुशार आहे," सर अगदी शांतपणे म्हणाले. त्यांना कपाचं काही वाटलेलं नव्हतं, वाक्याचं वाटलेलं. "कप आपण फोडायचा, आणि सुटायची वाट भाषेतच करून ठेवायची. दूध उतू गेलं. किल्ली हरवली. उशीर झाला. यात माणूस कुठे आहे?"

मॅडम पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सरांना ते उशिरा कळलं. कळल्यावर ते मॅडमकडे गेले आणि म्हणाले, "मी तुम्हाला चिडवलं." चिडलात का, वाईट वाटलं का, असलं काही नाही. मी चिडवलं. मॅडमना हसू आलं.

'करणे' या क्रियापदावरही त्यांचा राग होता. फोन केला, भाजी केली, अभ्यास केला, आंघोळ केली, लग्न केलं. "एकाच शब्दाला किती राबवाल? त्याला बिचाऱ्याला आता काही अर्थच उरला नाही." हे मी त्यांच्या घरीही ऐकलं. त्यांची बायको बँकेत होती, नवऱ्याइतकी उंच नसली तरी बोलण्यात त्यांना पुरून उरणारी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सर आतल्या दिशेने म्हणाले, "चहा उकळतेस का?"

"तुम्ही उकळा," वहिनी आतून म्हणाल्या. "मी ओतते."

आणि खरोखरच सर उठून आत गेले, त्यांनी चहा उकळला, वहिनींनी ओतला. मला वाटलं, माझ्यासमोर चाललेली ही गंमत आहे. नंतर कळलं, रोजचंच आहे. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "लग्नानंतर आधी मी रडलेले यांच्या या बोलण्याला. मग लक्षात आलं, जे क्रियापद मला नको असेल ते यांना देऊन टाकायचं. घासणं, पुसणं, वाळत घालणं. एकदा क्रियापद दिलं की नाही म्हणत नाहीत."

पाचवीला ते सगळ्या क्रियापदांची दोन जातींत वाटणी करून द्यायचे. चालती आणि बसलेली. रन, थ्रो, कुक, राइट ही चालती. नो, लाइक, वॉन्ट, बिलीव्ह, बिलाँग ही बसलेली. ती मनात असतात, जागची हलत नाहीत. म्हणून त्यांना आयएनजी लावून उठवायचं नाही. 'आय ॲम नोइंग' असं कोणी म्हटलं की सर बाकावर मांडी घालून बसायचे आणि उठायला साफ नकार द्यायचे. "मी नो आहे. मला उठवू नका. मी बसूनच असतो." मुलं हात धरून ओढायची, सर हलायचे नाहीत. मग कोणी तरी ओरडायचं, "आय नो!" की सर हात जोडायचे. "थँक यू."

हॅवचं त्यांनी वेगळंच लावलं होतं. हॅव एरवी बसून असतो, फक्त जेवायला उठतो. म्हणून 'ही हॅज टू कार्स', पण 'ही इज हॅविंग लंच'. ज्या मुलांना मी वर्षभर घनता समजावू शकले नव्हते त्यांना हे एका तासात समजलं होतं.

एकदा एका मुलीने विचारलं, "सर, थिंक कुठे बसवायचा?" सर उद्या सांगतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन खुर्चीवर बसले. "आय थिंक इट इज हॉट. हे माझं मत. मत बसलेलं असतं." मग उठून हात मागे बांधून येरझाऱ्या घालायला लागले. "आय ॲम थिंकिंग. हा विचार. विचार फिरतो." विचारणाऱ्या मुलीला त्यांनी सांगितलं, की रात्रभर तू मला फिरवलंस. तीच प्राची. दिवा स्टेशनजवळून व्हॅनने यायची. वडील लिफ्टचे मेकॅनिक, आई घरी ब्लाउज शिवायची. बारीक अंगाची, सतत हात वर असलेली पोरगी. पुढे तिच्यामुळेच सगळं बदललं, पण आधी झोपेचं सांगते, कारण त्या झोपेने शाळेत सर खूप गाजले.

मुलांना वाटायचं, स्लीप बसलेलं क्रियापद आहे. झोपलेला माणूस काय करतो? सर म्हणाले, स्लीप चालतं आहे, आयएनजी लागतो, आणि ते सिद्ध करायला फळ्याखाली चक्क आडवे झाले. डोळे मिटले, श्वास लांबवला. तेवढ्यात प्रिन्सिपल मॅडम संस्थेच्या अध्यक्षांना वर्ग दाखवायला घेऊन आल्या. अध्यक्षांना सगळे दादा म्हणायचे. इथले मूळचे शेतकरी. शाळा उभी होती ती जमीन त्यांचीच, बापाच्या वेळी तिथे भात लावायचे. दादा दारात थबकले.

"मास्तर झोपले काय?"

मागून एक पोरगा ताडकन उभा राहिला. "नो सर! ही इज स्लीपिंग!"

प्रिन्सिपल मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. दादा मात्र गालात हसले आणि निघून गेले. त्यांचा नातू त्याच वर्गात होता, आणि तो घरी जेवताना आजोबांना चघळणं, चावणं आणि गिळणं यांतला फरक इंग्रजीतून दाखवायचा. त्यामुळे सरांच्या तक्रारी दादांपर्यंत गेल्या तरी तिथेच थांबायच्या. वह्या कोऱ्या राहतात, वर्गात गोंधळ असतो, शेजारच्या वर्गाला ऐकू जात नाही, हे सगळं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला फिरायचं. दादा म्हणायचे, "पोरा बोलतात ना इंग्लिश? मग झाला."

त्या वर्षी पावसाळा सरून ऊन पडायला लागलं होतं. मी लॅबमध्ये होते. वरच्या वर्गातून एकदम आवाज आला आणि त्यानंतर कसलाच आवाज आला नाही. पाचवीचा वर्ग गप्प झाला म्हटल्यावर मी धावले. शेवटच्या दोन बाकांच्या मधे प्राची बसली होती, उजवा हात मांडीवर, आणि तो हात मधेच नको तिथे वाकला होता. ती रडत नव्हती. सर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी खिशातली पट्टी तिच्या हाताखाली धरली होती आणि तो हात हलू नये म्हणून स्वतःही हलत नव्हते.

आम्ही दोघं तिला घेऊन रिक्षाने हॉस्पिटलला गेलो. डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "काय गं, कसं लागलं?"

"पडले," प्राची म्हणाली.

"मी उडी मारायला लावली," सर म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पुन्हा हाताकडे पाहिलं. कोपराच्या खालची दोन्ही हाडं मोडली होती. बेशुद्ध करून बसवावी लागली.

पुढचे दिवस वाईट गेले. ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं ते मी सांगत नाही. हे शिक्षक आहेत की सर्कसवाले, एवढं सौम्य होतं त्यात. शेवटी दादांनी मीटिंग बोलावली. प्राचीचे आईवडील, प्रिन्सिपल मॅडम, सर, आणि हॉस्पिटलमध्ये होते म्हणून मी. आत जाण्याआधी प्रिन्सिपल मॅडमनी सरांना बाजूला घेऊन सांगितलेलं मी ऐकलं. "तुम्ही काही बोलू नका. मी सांभाळते. तुमच्याच भल्याचं आहे."

मॅडमनी सुरुवात केली. "वर्गात ॲक्टिव्हिटी चालू होती, आणि दुर्दैवाने मुलगी घसरून पडली. जे झालं त्याचं आम्हाला सगळ्यांनाच…"

"ती घसरली नाही," सर म्हणाले.

मॅडम थांबल्या. सर उभे राहिले. हात नेहमीसारखे हलत नव्हते, बाजूला सरळ होते.

"मी लीप शिकवत होतो. एका जागेवरून उडी मारून दुसऱ्या जागी पोचणं. मी जमिनीवर मारून दाखवली. मग म्हणालो, आता तुम्ही. प्राची शेवटच्या बाकावर चढली. ते मी पाहिलं. पुढच्या बाकावर पोचेल असं मला वाटलं. मी तिला थांबवलं नाही. तिने उडी मारली आणि ती पोचली नाही."

प्राचीचे वडील त्यांच्याकडे बघत राहिले. "म्हणजे तुम्ही बघत उभे होतात?"

"हो. बघत उभा होतो."

वडिलांनी कपाळावरून हात फिरवला. "इतके दिवस शाळेतून फोन येतायत, सगळे मला झालं, झालं म्हणून सांगतायत. तुम्ही निदान काय केलं ते बोललात. बरं वाटलं ऐकून. पण त्याने हात जुळत नाही सर. माझी मुलगी तुमच्या वर्गात बसणार नाही."

"बरोबर आहे," सर म्हणाले आणि खाली बसले.

प्राचीला ब तुकडीत घातलं. दादांनी सरांना थांबवून घेतलं. "तुमाला काढून टाका असा लय जन बोलतात. मी नाय काढत. पन उद्यापासून खुर्चीत बसून शिकवाचा. उठाचा नाय. पोरांनी पन नाय."

सर खुर्चीत बसले. बाकी काहीही असो, दादांचा शब्द त्यांनी अक्षरशः पाळला. तास सुरू झाला की बसायचे, घंटा झाली की उठायचे. मुलं वाक्यांतल्या ॲक्शन व्हर्बखाली रेघा मारायची. वह्या भरल्या, ग्रुप शांत झाला, शेजारच्या वर्गाला ऐकू जायला लागलं. मी एकदा दारावरून जाताना पाहिलं, एका मुलाने विचारलं, "सर, ट्रेंबल म्हणजे?" सरांचे हात टेबलावरून उचलले गेले, आणि त्यांनी ते परत टेबलावर ठेवले. "डिक्शनरीत बघ," ते म्हणाले.

मी म्हटलं, "सर, दादांशी बोलून बघू का? ते ऐकतील."

"नको," ते म्हणाले. "मी तिला थांबवलं नाही. आता मला कोणी तरी थांबवलंय. ठीक आहे."

घरी ते फारसं बोलत नाहीत असं वहिनी म्हणाल्या. चहा करतेस का, असं म्हणाले परवा. ते सांगताना त्यांना हसू येत नव्हतं.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत प्राचीची आई स्टाफरूमच्या दारात आली. आत येईना. सरच उठून बाहेर गेले. मी दाराशीच होते.

"सर, प्लास्टर काढलं. पण ती मूठच मिटत नाही," आई म्हणाली. "डॉक्टरांनी दाबायला बॉल दिलाय, तो फेकून देते. व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी बोटांना हात लावला की किंचाळते. डॉक्टर म्हणाले, आता नाही हलवलं तर बोटं अशीच राहतील. आमचं काही ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

"तिच्या वडिलांना माहीत आहे?"

"त्यांनीच पाठवलं. स्वतः यायला त्यांना जड वाटतंय."

सर म्हणाले, "मी डॉक्टर नाही. आधी त्या व्यायामाच्या मॅडमना भेटतो." आणि त्याच संध्याकाळी ते दोघी मायलेकींबरोबर गेले आणि कोणती हालचाल चालेल, कोणती अजिबात नको, हे विचारून आले.

जागा मी दिली. मधल्या सुट्टीत माझी लॅब रिकामी असायची. पहिल्या दिवशी सर पिशवीभर मटार घेऊन आले. प्राची स्टुलावर बसली, हात मांडीवर, दुसऱ्या हाताने झाकलेला. सर समोर बसले आणि शेंगा सोलायला लागले. "तुला काही करायचं नाही. मी करतो. आय शेल. आय शेल द पीज." दाणे ते स्वतःच खात होते. तिला विचारलंही नाही. सुट्टी संपली, ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायचे चिमटे. मग शर्टाची बटणं. मग सुतळी, तिच्या गाठी मारायच्या आणि सोडायच्या. सर एकटेच करायचे, एकटेच बोलायचे, ती बघायची. मला वाटायला लागलं, हे काही जमणार नाही. लेकराच्या मनात भीती बसली आहे, आणि बसलेलं कोणी उठवू नये हे सरांनीच शिकवलेलं.

एकदा त्यांनी जुनी वर्तमानपत्रं आणली. "आय टेअर द पेपर," म्हणत एक पान टर्रकन दोन्हीकडे ओढलं.

"सर, ते टेअर नाही," प्राची म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलली. "तुम्ही जोरात केलं. ते रिप आहे."

"हेच टेअर आहे," सर म्हणाले.

"नाही सर. तुम्हीच शिकवलेलं. टेअर साधं असतं. रिप एकदम असतं."

"मला नाही वाटत."

तिने तोंड वाकडं केलं, डाव्या हाताने पान ओढून घेतलं, आणि उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं कशीबशी कागदावर टेकवली. हळूहळू पान फाटलं. वाकडं, मधेच अडकत. "हे टेअर," ती म्हणाली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. सर शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि जरा वेळाने म्हणाले, "बरोबर. मी रिप केलं होतं."

तिथून पुढे ती करायला लागली. पोक, पिंच, क्रंपल. कागदाचे बोळे करायचे आणि मला मारायचे. मटार सोलायचे आणि आता दाणे तिने खायचे. पिळणं मात्र फार दुखायचं. ओलं फडकं दोन्ही हातांत धरून पिळायला सुरुवात केली की तिचे डोळे भरायचे. एकदा तिने दात आवळून मनगट वळवलं आणि सर पटकन म्हणाले, "थांब. थांब. आज एवढंच."

ती थांबली. फडक्यातून पाणी टपकत होतं. तिने सरांकडे सरळ पाहिलं.

"आज थांब म्हणालात," ती म्हणाली. "त्या दिवशी नाही म्हणालात."

"हो," सर म्हणाले. "त्या दिवशी नाही म्हणालो."

एवढंच. दोघांनी मिळून फडकं टेबलावर पसरलं. मी परीक्षानळ्या धुवत होते, त्या धुतच राहिले.

दादा नेमके कधी येऊन दारात उभे राहिले होते मला माहीत नाही. परीक्षा जवळ आल्या होत्या. ते आत आले आणि प्राचीला म्हणाले, "हात वळव गं बाय, बघू." तिने वळवला. "पुरा नाय वळत," दादा म्हणाले. "नाही वळत," ती म्हणाली, आणि तोच हात पुढे करून दादांच्या दंडाला असा चिमटा काढला की दादा ओरडलेच. "पिंच," ती म्हणाली. दादा दंड चोळत सरांकडे वळले. "मास्तर, उठा आता खुर्चीतून. पन बाकावर कोन चढला तर पयले तुमाला खाली उतरवीन."

सर उठले, पण पूर्वीचे झाले नाहीत. वर्गात बाक आधी भिंतीकडे सरकवायचे, एकेक मूल, आणि प्रत्येकाच्या बाजूला हात पसरून स्वतः उभे. मुलांना कंटाळा यायचा. आधीच्या वर्षीची मुलं सांगायची, पूर्वी सरांच्या तासाला मजा यायची. सरांना ते ऐकू जायचं. ते हात पसरूनच उभे राहायचे. निवृत्त होईपर्यंत तसंच. प्राचीला वडिलांनी परत त्यांच्या वर्गात घातलं नाही, पण दहावी होईपर्यंत मधल्या सुट्टीत ती लॅबच्या बाजूने जाताना सर दिसले की चिमट्यासारखी बोटं करून दाखवायची. तिचं मनगट आजही थोडं कमी वळतं.

मीही नंतर ती शाळा सोडली आणि ठाण्यात, माझ्या घराजवळ नौपाड्यात नोकरी धरली. सर आणि वहिनी डोंबिवलीचं घर भाड्याने देऊन खडवलीला नदीकाठी राहायला गेले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले. घरी वहिनी एकट्याच होत्या.

"नदीवर आहेत," त्या म्हणाल्या. "पोहायला शिकतायत. या वयात. चला, मलाही त्यांना जेवायला बोलवायचंय."

नदीचं पाणी उतरलं होतं. काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात सर उभे होते, बरगड्या मोजता येतील असे, आणि बाजूला शेजारचे एक काका त्यांना शिकवत होते. मला पाहून सरांनी लांबूनच हात हलवला.

"मॅडम, आयुष्यभर मी टेबलावर पालथा पडून मुलांना स्विम दाखवला. पाण्यात कधी उतरलो नव्हतो. सगळं खोटं होतं."

"आता येतं का?" मी विचारलं.

"स्विम नाही. त्याच्या आधी फ्लोट. तेच जमत नाही."

ते उताणे पडायचा प्रयत्न करायला लागले. पाठ टेकताच हात मारायचे, पाय झाडायचे, मान उचलायचे, आणि गटांगळी खायची. काका ओरडत होते, "अहो सर, काही करू नका! पडून राहा नुसते! हात सोडा!" सर खोकत उभे राहिले. "काही करू नका म्हणजे कसं करायचं तेवढं सांगा," ते काकांना म्हणाले. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

काकांनी त्यांच्या पाठीखाली हात धरला. सर परत आडवे झाले. या वेळी डोळे मिटले. हात पाण्यावर पसरले आणि तसेच राहिले. काकांनी हळूच आपला हात काढून घेतला. सरांना ते कळलं नाही. पांढरे केस पाण्यात मोकळे झाले होते, कान पाण्याखाली, पोट श्वासाबरोबर वर खाली. पाणी संथ होतं, तरी ते जरासे एका बाजूला वळले आणि तसेच तरंगत राहिले. काका बाजूला हात बांधून उभे.

"अहो, चला जेवायला," वहिनींनी हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही. वहिनींनी परत हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"राहू दे," त्या मला म्हणाल्या. "पडू दे थोडा वेळ."

मग त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, काठावरच्या दगडावर बसल्या आणि पाय पाण्यात सोडले.